तबकडीतलं ‘भले!’

धारवाडच्या एका वकिलाने माझा आवाज चोरला, आणि ज्या बुवांच्या गाण्यात तो आवाज आहे त्या बुवांनी, सगळं ठाऊक असून, मला चारचौघांत तोंडघशी पाडलं. कोणी कोणाला फसवलं ते आधीच सांगून टाकतो. मी हुबळीच्या कापूस बाजारातला दलाल. आमच्याकडे आधी माल दाखवतात, गप्पा मग.

माल असा. एक तबकडी आहे, तिच्या एका बाजूला बुवांचा भीमपलास. गाणं संपत येतं, सुई मधल्या गोल कागदाजवळ पोचते, बुवा एक लांब तान घेऊन समेवर पडतात, आणि त्याच क्षणी एक माणूस मांडीवर थाप मारून ओरडतो, “भले!” मग खरखर, मग काही नाही. तो ओरडणारा माणूस मी. पण गेली काही वर्षं धारवाडात बुवांच्या दर पुण्यतिथीला ही तबकडी लागते, आणि “भले!” आलं की वकीलसाहेब खुर्चीतून अर्धे उठून सभेला नमस्कार करतात.

वकीलसाहेब धारवाडच्या संगीत मंडळाचे अध्यक्ष. मंडळ म्हणजे एक सतरंजी, दोन तंबोरे, एक ग्रामोफोन आणि दाराशी टांगलेला एक काळा फळा. फळ्यावर एक शाळामास्तर रोज सकाळी सुंदर अक्षरात खडूने लिहीत: आज अमुक गवयांचा जन्म, आज तमुक बीनकारांचा मृत्यू, आज या गाण्याला इतकी वर्षं झाली. बाजारच्या कामाला धारवाडला गेलो की मी तो फळा वाचायचो. माझ्या एक गोष्ट लवकर लक्षात आली. ज्याला अजून गाता येतं आणि ज्याचे केस काळे आहेत, असा एकही गवई त्या फळ्यावर यायचा नाही. फळ्यावर चढायला एकतर साठी उलटावी लागे, नाहीतर मरावं लागे.

दुसरी गोष्ट जरा उशिरा लक्षात आली. आमच्या भागातले बहुतेक गवई मे महिन्यात नाहीतर नाताळात जन्मले होते. मी मास्तरांना विचारलं, “मास्तर, बाकीच्या महिन्यांत इकडच्या बायका बाळंत होत नव्हत्या काय?”

मास्तर हळूच म्हणाले, “अण्णा, कोर्टाला सुट्टी तेव्हाच असते.”

आमच्या बुवांचंच घ्या. त्यांना जन्मदिवस विचारायला मंडळाची माणसं गेली. बुवा म्हणाले, “आई सांगायची, मिरगाच्या आधी झालास. पेरणीच्या तोंडावर. घरात मी एक आणि म्हशीला एक, असे दोघे आलो.” मंडळाने म्हशीचं रेडकू वगळलं आणि बुवांना मे महिन्यातला एक शनिवार दिला. बुवांनी तो घेतला. शनिवारी मारुतीचा उपास असतो, तेवढी त्यांची कुरकुर.

आता तबकडीच्या दिवसाकडे येतो.

ती ज्या वर्षी निघाली तेव्हा मी बाजारात नुकता उभा राहिलो होतो. अळणावरकडच्या खेड्यातून आलेला माणूस, आधी सरकी काढायच्या जिनात गाठी उचलल्या, मग गाठी मोजल्या, मग दुसऱ्यांच्या गाठींचा भाव करायला लागलो. आमचा भाव रुमालाखाली होतो. घेणारा आणि देणारा एकमेकांचे हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि बोटं दाबून बोलतात. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कोणाला काही कळत नाही. आमच्या धंद्यात ज्याने तोंड उघडलं त्याने भाव घालवला. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

त्या वर्षी रेकॉर्ड कंपनीचा साहेब यंत्र घेऊन हुबळीला उतरला. त्याला शांत खोली हवी होती. हुबळीत शांत खोली मिळवणं म्हणजे धारवाडात गप्प बसलेला वकील मिळवणं. मी एका कापूस कंपनीच्या रिकाम्या बंगल्याच्या चौकीदाराशी, कारकुनाशी आणि शेवटी मॅनेजराशी घासाघीस करून ती मिळवून दिली. मला गाण्याचं वेड होतं. कळत किती होतं ते सोडा. वेड लागायला कळावं लागत नाही.

खोली मिळाली तर बुवा मिळेनात. आवाज एकदा त्या यंत्रात गेला की गळ्यातून तेवढा कमी होतो, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. वकीलसाहेबांनी त्यांना दोन तास विज्ञान समजावलं. त्यानंतर बुवांची भीती दुप्पट झाली. मग मी गेलो.

म्हटलं, “बुवा, आम्ही गाठीतून मूठभर कापूस काढून नमुना दाखवतो. गाठ संपते काय?”

बुवांनी विचार केला. “नमुना परत देता काय?”

“नाही. तो घेणाऱ्याकडे राहतो. म्हणून तर तो गाठीसाठी परत येतो.”

“बरं की,” बुवा म्हणाले. “चला.”

तो दिवस अमावास्येचा होता. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, कारण अमावास्येला आमचा बाजार बंद असतो. बाजार उघडा असता आणि मी भर दुपारी गाणं ऐकायला बसलो असतो, तर माझ्या बायकोने वैद्याला बोलावणं धाडलं असतं. मंडळाच्या फळ्यावर मात्र या तबकडीचा जन्म नाताळच्या सुट्टीत घातलेला आहे, आणि पंचांग काढून पाहिलं तर तिथे अमावास्या जवळपासही नाही. म्हणजे ज्या दिवशी ही मंडळी दरवर्षी हार घालतात, त्या दिवशी बुवा आपल्या घरी बसून सुपारी कातरत असतील. पण कोर्टाला सुट्टी होती ना, मग गाण्याने जन्म घ्यायलाच हवा.

बंगल्याच्या खोलीत मधोमध जाड पडदा, त्यातून एक भला मोठा कर्णा बाहेर आलेला. पडद्यापलीकडे साहेब आणि यंत्र. पडद्याला एक खिडकी ठेवलेली. तिच्यातून साहेबाचा हात दिसे. हात खाली आला की गायला लागायचं, वर गेला की थांबायचं. आवाज मेणाच्या थाळ्यांवर कोरला जायचा, त्या थाळ्या गरम पेटीत ठेवलेल्या. बुवांच्या वाट्याला दोनच उरल्या होत्या, दोन बाजूंच्या दोन. चुकलं तर पुसून परत लिहायची पाटी नव्हती ती.

बुवा कर्ण्यासमोर बसले, तंबोरे जुळले, साहेबाचा हात खाली आला, आणि बुवा गाईनात.

“काय झालं?” साहेबाच्या दुभाष्याने विचारलं.

“या भोकाला मी गाऊ?” बुवा म्हणाले. “याला मान हलवता येते काय? समोर ऐकणारं माणूस पाहिजे. आमच्याकडे गोठ्यात गायलो तरी म्हैस कान हलवते.”

साहेब वैतागला, पण करतो काय. ऐकणारी दोन माणसं आत घ्यायची ठरलं. अट एकच, तोंडातून हूं की चूं निघता कामा नये. आता ही अट आमच्या मुलखात पाळणं किती अवघड, हे त्या साहेबाला कुठून कळणार? आमच्याकडे गवई समेवर आला आणि ऐकणारा गप्प बसला, तर गवई समजतो याला राग आलाय नाहीतर झोप. बैठकीत गप्प बसणं म्हणजे ताटावरून उठून जाण्यासारखं.

आत गेलो आम्ही दोघे. बुवा ज्यांच्याकडे उतरले होते ते वकीलसाहेब, आणि खोली मिळवून देणारा मी. वकीलसाहेबांना उकडत होतं म्हणून ते दाराजवळ बसले. मला बुवांच्या अगदी समोर, कर्ण्याच्या बगलेत जागा मिळाली. दुभाष्याने ओठांवर बोट ठेवून दोघांना बजावलं, “सुम्न कूडरी, चूप बसा!” वकीलसाहेब शहाणे. त्यांनी आपलं जरीकाठी उपरणं गोळा करून तोंडात कोंबलं. गाल फुगले, डोळे मोठे झाले. मी काही कोंबलं नाही. माझा धंदाच गप्प राहून भाव करण्याचा. मला काय धास्ती?

बुवा गायले. दुपारची वेळ, भीमपलास, आणि समोर ऐकणारी दोनच माणसं, त्यातलं एक तोंडात बोळा घातलेलं. म्हणजे माझ्याकडे बघूनच ते गायले. गाणं शेवटाकडे आलं. बुवांनी ती तान घेतली. ती कशी होती ते मला सांगता येत नाही, तबकडी ऐका. ती वरून घरंगळत आली आणि नेमकी समेवर येऊन बसली, आणि माझा हात मांडीवर आपटला आणि तोंडातून शब्द गेला.

“भले!”

लगेच खिडकीतला हात वर गेला. बुवा थांबले. पडद्याआडून साहेब लालबुंद होऊन बाहेर आला आणि इंग्रजीत जे बोलला ते दुभाष्याने भाषांतर करून सांगितलं नाही. वकीलसाहेबांनी तोंडातला बोळा काढला, आणि तो काढून त्यांचं पहिलं वाक्य हे: “तरी मी म्हणत होतो, बाजारातली माणसं आत घेऊ नका.”

त्या बाजूला थाळी तर एकच होती. ती तशीच छापायला गेली.

ज्याचं पोट तोंडावर भरतं त्याने तोंडात बोळा घातला, आणि ज्याचा धंदा मुक्याने चालतो त्याच्या तोंडून शब्द गेला. आयुष्यात मी प्रत्येक शब्द तोलून दिला आहे. लग्नाच्या बोलणीतसुद्धा सासऱ्याशी मी तीन वाक्यं बोललो. न तोलता, समोरून काय मिळेल हे न बघता गेलेला असा एकच शब्द. आणि तो मेणावर उमटला. म्हणून तो मला हवा आहे. दुसरं कारण नाही.

तबकडी आली तेव्हा मी ग्रामोफोन घेतला. बायकोला समोर बसवलं. तिला गाण्यात गम्य नाही. ती तांदूळ निवडत बसली. “भले!” आलं आणि तिने मान वर केली.

“अग बाई, तुम्ही यात कुठून शिरलात?”

“ओळखलंस?”

“न ओळखायला काय झालं? पाणी मागताना असंच ओरडता की. बाहेरच्यांना ‘भले’ आणि मला ‘तांब्या’!”

माझ्याकडे साक्षीदार एवढीच. आणि कायदा म्हणतो, बायकोची साक्ष नवऱ्याच्या बाजूची. कायदा वकीलसाहेबांनीच सांगितला.

बारा वर्षं गेली. एके दिवशी बाजारच्या कामाला धारवाडला गेलो होतो, वाटेत मंडळाचा फळा दिसला. मास्तरांनी तांबडा खडू वापरला होता. येत्या नाताळात भीमपलासाच्या तबकडीची तपपूर्ती. बुवांचा सत्कार. आणि खाली बारीक अक्षरात: ‘या ध्वनिमुद्रिकेतील “भले!” हा सुप्रसिद्ध उद्गार आमच्या मा. अध्यक्षांचा आहे.’

मी चपला काढायला विसरलो आणि तसाच सतरंजीवर गेलो. वकीलसाहेब चार-सहा सरकारी नोकरांबरोबर चुरमुऱ्यांचं गिरमिट खात बसले होते. मी म्हटलं, “वकीलसाहेब, तो आवाज माझा आहे.”

त्यांनी हात पुसला. “या, दलालशेट. बसा की. त्या खोलीत आपण दोघे होतो, हे तुम्हाला मान्य?”

“मान्य.”

“दोघांना गाणं आवडलं, मान्य?”

“तुमचं मला माहीत नाही. तुमच्या तोंडात उपरणं होतं.”

“उपरणं तोंडातून काढता येत नाही, असं आपलं म्हणणं?”

“काढलं नव्हतंत तुम्ही.”

“त्या वेळी आपण कोणाकडे पाहत होता? माझ्याकडे की बुवांकडे?”

“बुवांकडे. तुमच्याकडे बघून कोण ‘भले’ म्हणेल?”

“संपलं,” वकीलसाहेब म्हणाले. “पाहत बुवांकडे होता, तर माझ्या तोंडात त्या क्षणी काय होतं हे आपल्याला कसं कळलं?”

सरकारी नोकर हसले. अध्यक्ष बोलले की हसायचं, हा मंडळाचा एक अलिखित नियम. मला संताप आवरेना. म्हटलं, “लावा तबकडी. आणि मग मी ओरडतो. कान आहेत ना सगळ्यांना?” आणि तबकडी लावायच्या आधीच मी मांडीवर थाप मारून ओरडलो, “भले!” शेजारच्या वखारीतला हमाल धावत आला, त्याला वाटलं कोणाला मारलं. एकाच्या हातातलं गिरमिट सतरंजीवर सांडलं.

मास्तरांनी तबकडी लावून शेवट ऐकला. मग म्हणाले, “अण्णा, राग मानू नका. आवाज जवळजवळ तसाच आहे. पण तबकडीतला जरा सुसंस्कृत वाटतो.”

कर्ण्यातून गेलं, मेणावर उमटलं, बारा वर्षं फिरलं. एवढं झाल्यावर रेड्याचा आवाजही सुसंस्कृत होईल. पण हे उत्तर मला हुबळीला पोचल्यावर सुचलं.

तपपूर्तीला मी गेलो. बोलावणं नव्हतं, पण नवी टोपी घालून तिसऱ्या रांगेत बसलो. बुवा आले, थकलेले दिसले. अंगावर शाल, गळ्यात हार. वकीलसाहेबांनी भाषण केलं. संगीत हे सागर आहे आणि आपण किनाऱ्यावर, असं बरंच. किनाऱ्यावरचा माणूस एवढा वेळ बोलत राहिला तर समुद्रही मागे हटेल. शेवटी तबकडी लावली. “भले!” झालं, आणि वकीलसाहेबांनी डोळे मिटून हात जोडले, जणू देवाने त्यांनाच हाक मारली. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात मागून गाणं शिकणारा एक तरुण उठला. म्हणाला, “बुवा, एक विचारू? या चिजेत शेवटी आणखी एक फेरी असते. तबकडीत ती सोडलीत का?”

बुवांच्या तोंडावर काहीतरी हललं. त्यांनी शाल सावरली.

“मी सोडली नाही,” ते म्हणाले. “त्या ‘भले’ने घालवली. ‘भले’ ऐकून साहेबाला वाटलं आटोपलं. त्याने हात वर केला. फेरी राहिली पोटात. कोण गाढव होतं ते, बारा वर्षं शोधतोय.”

सभा हसली. आणि हे बोलताना बुवा सरळ माझ्याकडे बघत होते. शोधत वगैरे काही नव्हते.

आता वकीलसाहेबांकडे बघा. मी बघितलं, म्हणून सांगतो. जोडलेले हात सुटले. ते उठून उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “सभ्य गृहस्थ हो, एक खुलासा करणं माझं कर्तव्य आहे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी शांतता राखण्यासाठी मी स्वतःच्या तोंडात उपरणं धरलं होतं. बुवा साक्षी आहेत. तेव्हा हा उद्गार माझा असणं अशक्य आहे. फळ्यावर मास्तरांची चूक झालेली दिसते.”

मास्तरांनी मान खाली घातली. माझं उपरणं! म्हणजे माझा मुद्दा! मी आणला तेव्हा तो उलटतपासणीत फेकून दिला, आणि भाव पडताच स्वतःच उचलून वापरला. त्यांनी तिसऱ्या रांगेकडे बोट केलं. “त्या खोलीत दुसरे गृहस्थ हे होते.”

सगळी सभा माझ्याकडे वळली. मला गप्प बसता आलं असतं. धंद्याचं शहाणपण तेच सांगत होतं. माल बुडीत निघाला, हात काढून घे. पण आमच्या बाजारात एक गोष्ट आहे, ती धारवाडच्या कोर्टात नाही. रुमालाखाली बोट दाबलं की दाबलं. मग दुसऱ्या दिवशी भाव निम्म्यावर येवो, गाठी घरी न्याव्या लागतात. मी उभा राहिलो.

“हो,” म्हटलं. “तो आवाज माझा. आधीही माझाच म्हणत होतो.”

“मग माफी मागा की!” मागून कोणीतरी ओरडलं.

“गाणं चांगलं झालं होतं,” मी म्हटलं. “चांगलं झाल्याची माफी कोण मागतो?”

पुन्हा हशा. त्या दिवशी मी धारवाडला जेवढं हसवलं तेवढं तिथल्या नाटक मंडळ्यांनी वर्षभरात हसवलं नसेल.

सभा सुटली. बुवांनी मला हात केला, “अण्णा, स्टेशनावर सोडा मला.” वकीलसाहेबांची मोटार दारात उभी होती, ती सोडून ते माझ्या टांग्यात बसले. गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, “रागावलात काय?”

“गाढवं रागावत नाहीत, बुवा. ओझी वाहतात.”

ते हसले. मग इकडेतिकडे बघून, टांगेवाल्याला कळू नये म्हणून हलक्या आवाजात म्हणाले, “खरं सांगू? ती फेरी मला आठवलीच नव्हती. समेवर आलो आणि पुढे सगळं कोरं. त्या भोकाकडे बघून जीव घाबरला. तुम्ही ‘भले’ म्हणालात, साहेबाने हात वर केला, मी सुटलो. तुम्ही तारलंत मला.”

माझ्या डोक्यात घण बसला. “मग हे आत का नाही बोललात?”

“अंगावर शाल होती की. शाल पांघरलेला माणूस ‘मी विसरलो’ कसं म्हणेल?”

“म्हणून मी गाढव?”

“तुमचं काय जातंय हो? तुम्ही बाजारातले. उद्या विसरतील. मी विसरलो असं कळलं तर ते फळ्यावर लिहितील, आणि दरवर्षी लिहितील.” मग म्हणाले, “पुढच्या वर्षी सांगतो. याच दिवशी, सगळ्यांसमोर.”

“शब्द?”

त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, माझ्या हातावर टाकला आणि खालून माझं बोट दाबलं. आमच्या बाजारात ते कधी आले होते आणि कधी बघून ठेवलं होतं, देव जाणे. मी मानलं. माझ्यासारखा माणूस मानून बसला! रुमालाखालचा सौदा पक्का असतो, पण तो कोणी पाहिलेला नसतो. हे मला धंद्यात पडल्यापासून माहीत होतं.

पुढचा नाताळ यायच्या आधीच बुवा गेले. मी अंत्ययात्रेला होतो. रडलो की नाही ते सांगणार नाही. पण रागही तेवढाच होता.

फळ्यावर बुवांची आणखी एक तारीख चढली. ते कोर्ट चालू असताना गेले, ही एकच गोष्ट त्यांनी मंडळाला न विचारता केली. तीही मंडळाने ‘सभासदांच्या सोयीसाठी’ जवळच्या रविवारी नेली. घरची माणसं तिथीप्रमाणे श्राद्ध करतात, त्यांना कोणी बोलवत नाही. ती मंडळाच्या मते चुकीच्या दिवशी रडतात.

एका पुण्यतिथीला पुण्याहून कोणी थोर रसिक आले. त्यांनी तबकडी ऐकली आणि सांगितलं, “गाणं तर आहेच. पण खरी कमाल त्या ‘भले’ची. इतक्या नेमक्या समेवर, इतकी उत्स्फूर्त दाद मी दुसऱ्या कुठल्या तबकडीत ऐकली नाही. जाणकार असावा तर असा! कोण हे गृहस्थ?”

मी तिसऱ्या रांगेत होतो. उठायला गुडघ्यावर हात ठेवतो न ठेवतो तो वकीलसाहेब उभे! मान जरा तिरकी, चेहऱ्यावर विनय. “त्या काळी आम्ही तरुण होतो,” ते म्हणाले. “राहवलं नाही.”

मी ओरडलो, “आणि उपरणं?” पण टाळ्यांत ते कोणाला ऐकू गेलं नाही. कर्णा कुठे होता तिथे माझं ओरडणं टिपायला? दुसऱ्या दिवशी फळ्यावर मास्तरांनी पुन्हा तांबडा खडू घेतला. मी त्यांना गाठलं. “मास्तर, तुमच्या डोळ्यांसमोर त्यांनी नाकारलं होतं ना?”

मास्तर खडूची भुकटी झटकत म्हणाले, “होगली बिड्री, अण्णा. जाऊ द्या. मी फक्त लिहितो.”

घरी आलो, बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “भाव वाढला म्हणायचा तुमच्या ओरडण्याचा! मग विकून टाका की त्यांना. तसंही घरात पुरतंय.”

विकलं असतं. सगळं विकतो मी. पण विकायला माल आधी माझा म्हणून कबूल व्हावा लागतो.

बुवा तर गेले. त्यांच्याकडून जाब घ्यायचा तर मला वर जावं लागेल, आणि तिथली मला घाई नाही. शिवाय एवढ्या वर्षांनी कळतं की त्यांनी मला फसवलं ते भीतीपोटी. भ्यालेल्या माणसाशी मी फार ताणत नाही. वकीलसाहेबांना भीती कसली होती? ते जिवंत आहेत, धडधाकट आहेत, सकाळी फिरायला जातात, आणि येत्या पुण्यतिथीलाही अर्धे उठून नमस्कार करणार आहेत.

तर वकीलसाहेब, मी पहिल्या रांगेत येऊन बसणार आहे. या वेळी तिसऱ्या नाही. तबकडी लावा. “भले!” येऊ द्या. आणि नमस्कार करण्याआधी, त्याच सभेला, उलटतपासणीत तुम्ही साक्षीदाराकडून घेता तसं, एका वाक्यात उत्तर द्या. बुवा ‘गाढव’ म्हणाले तेव्हा तुमच्या तोंडात उपरणं होतं. पाहुणे ‘जाणकार’ म्हणाले तेव्हा ते नव्हतं. तबकडी तीच, दुपार तीच, तोंडही तेच. मग ते उपरणं निघालं कधी, आणि काढलं कोणी?